फेऱ्या संपत नाहीत, हात बदलतात: एका घरातल्या तीन पिढ्या आणि त्यांचा रोजचा प्रवास

पाऊलवाट

नमस्कार मंडळी,

आमच्या घरात तीन पिढ्या एकत्र राहतात. सासूबाई पंचाहत्तरीच्या, आम्ही दोघं पंचेचाळिशीच्या आगेमागे, थोरली कॉलेजात, धाकटा चौथीत. कोण किती फिरतं आणि कोणाची किती दमछाक होते यावरून अधूनमधून बोलणं निघायचं. शेवटी फ्रिजच्या दारावर एक कागद लावला. जो बाहेर जाईल त्यानं आल्यावर एक ओळ लिहायची: कधी निघालो, कुठे गेलो, कशानं गेलो. पुढे थोरलीनं त्यात आणखी एक रकाना आखला, ‘कोणासाठी?’. हा धागा त्या रकान्यामुळे काढतेय.

थोरलीचा प्रवास म्हणजे सरळ रेघ. सकाळी मेट्रोनं जायचं, संध्याकाळी मेट्रोनं यायचं, मधे कुठे थांबणं नाही. घरात सगळ्यात जास्त अंतर तिचंच. नवऱ्याचंही तसंच, फक्त दुचाकीवरून. सासूबाईंचं सगळं पायी किंवा दोन-तीन थांब्यांच्या बसनं, तेही सकाळची गर्दी ओसरल्यावर. माझ्या ओळी मात्र रकान्यात मावेनात. ऑफिसला जाताना धाकट्याला शाळेत सोडायचं, येताना दोन थांबे आधी उतरून औषधं घ्यायची, तिथून क्लासच्या दारात उभं राहायचं, मग घर. हा एक प्रवास लिहायचा की चार?

आता ‘कोणासाठी?’. थोरलीच्या आणि नवऱ्याच्या जवळपास प्रत्येक ओळीपुढे ‘स्वतःसाठी’. माझ्या निम्म्याहून जास्त ओळी दुसऱ्या कुणासाठी. आणि सासूबाईंच्याही तशाच! या वयातलं फिरणं म्हणजे पाय मोकळे करणं, असं सगळीकडे धरलं जातं. प्रत्यक्षात नातवाला शाळेतून आणणं, नातीचा दुरुस्तीला टाकलेला मोबाइल घेऊन येणं, मुलाचं बँकेतलं काम. धाकट्याच्या नावावर त्यानं एकट्यानं केलेली एकही फेरी नाही. शाळा चालत जाण्याइतकी जवळ आहे, तरीही. त्याच्या प्रत्येक ओळीला कुणा मोठ्याची ओळ चिकटलेली.

इंग्लंडमध्ये मेयर हिलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच पाहिलं होतं. १९७१ मध्ये तिथली सात-आठ वर्षांची ८० टक्के मुलं मोठ्या माणसाशिवाय शाळेत जात होती. १९९० मध्ये हे प्रमाण ९ टक्क्यांवर आलं. मुलं शाळेत जायची तर थांबली नव्हती. मुलाच्या एकट्यानं जाण्या-येण्याच्या दोन फेऱ्या गेल्या आणि मोठ्याच्या चार वाढल्या: सोडायला जा, परत या, आणायला जा, परत या.

म्हणून माझं म्हणणं असं. नवी पिढी कमी फिरते, जुनी पिढी जवळच्या जवळ फिरते, मुलं घरातच बसतात, असं आपण म्हणतो तेव्हा फेऱ्या नाहीशा झाल्यासारखं वाटतं. बहुतेक वेळा त्या नाहीशा झालेल्या नसतात, कुणा दुसऱ्याच्या पायांवर गेलेल्या असतात. तुमच्या घरात काय चित्र आहे? कोणाच्या फेऱ्या कोणाकडे गेल्यात?

नकाशावेडा

धागा आवडला. हा माझ्या कामाचा विषय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१९७० च्या दशकात याकोव्ह झहावी या वाहतूक अभ्यासकानं अशी मांडणी केली की माणूस रोजच्या प्रवासाला ठरावीक वेळच देतो. वाहन वेगवान झालं तर तो वेळ वाचवत नाही, आणखी लांब जातो. पुढे १९९४ मध्ये इटालियन भौतिकशास्त्रज्ञ चेझारे मार्केट्टी यांनी हेच जुन्या वसाहतींपासून आजच्या शहरांपर्यंत ताणून दाखवलं आणि दिवसाला साधारण एक तास हा आकडा सगळीकडे पसरला. आजोबा पायी तासभर चालत होते, नात मेट्रोत तासभर बसते. वेळ तोच, शहर मात्र कितीतरी पटींनी मोठं.

पण हा तास सरासरीचा आहे आणि पाऊलवाट ताईंचा कागद नेमकं सरासरीत झाकलं जाणारं दाखवतो. २००४ मध्ये पॅट्रिशिया मोख्तारियान आणि सिंथिया चेन यांनी या विषयावरचे बरेच अभ्यास एकत्र तपासले. त्यांचा निष्कर्ष असा की माणूस-माणूस वेगळा काढून पाहिलं तर हा वेळ अजिबात स्थिर नसतो. वय, लिंग, नोकरी, घरात लहान मुलं आहेत की नाहीत, यावर तो कमीजास्त होतो.

आणखी एक नाव सांगतो, स्वीडनच्या लुंड विद्यापीठातले टॉर्स्टन हेगरस्ट्रांड. १९७० च्या त्यांच्या निबंधात माणसाच्या दिवसावर तीन प्रकारची बंधनं सांगितली आहेत. पहिलं शरीराचं आणि साधनांचं: किती चालवतं, झोप किती लागते, वाहन आहे का. दुसरं जुळवून घेण्याचं: ठरल्या वेळी ठरल्या जागी दुसऱ्या माणसापाशी असावं लागणं. तिसरं नियमांचं: बँक किती वाजता उघडते, कुठे प्रवेश आहे, कुठे नाही. सासूबाईंना पहिलं बंधन जास्त जाचतं, थोरलीला तिसरं, आणि तुम्हाला दुसरं. शाळा सुटायची वेळ, क्लासची वेळ, औषधाचं दुकान बंद व्हायची वेळ. तुमचा दिवस या खुंट्यांना बांधलेला आहे.

दुपारची_बस

मी पाऊलवाटच्या सासूबाईंच्या वयाची. माझ्या पिढीच्या बाजूनं लिहिते.

आम्ही गर्दी टाळतो कारण गर्दीत आम्हाला चढताच येत नाही. बसची पहिली पायरी गुडघ्याच्या वर. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातानं दांडा धरायचा, आणि मागून लोटणारी माणसं. दांडा हाताला लागून सीटपर्यंत पोहोचायच्या आत गाडी हलते. त्या दोन-चार पावलांत पडलेल्या माझ्या दोन मैत्रिणी आहेत. एकीचं खुब्याचं हाड मोडलं, ती त्यानंतर बसमध्ये चढली नाही. म्हणून जिथे बस फुटपाथला लागून उभी राहते तोच थांबा मी धरते, मग तो लांबचा का असेना. जाते ती पुढच्या दाराजवळची सीट रिकामी असेल त्याच बसनं. एखादी सोडून देते, क्वचित दोन सोडते.

घरातून निघताना रस्ता मी अंतरावर ठरवत नाही. टेकायला जागा कुठे आहे आणि स्वच्छतागृह कुठे आहे यावर ठरवते. हे कुणाला सांगायला संकोच वाटतो, पण माझ्या वयाच्या बायकांचा अर्धा नकाशा याच दोन गोष्टींवर काढलेला असतो. कोपऱ्यावरचा एक बाक काढून टाकला की त्याच्यापलीकडचं सगळं शहर आमच्यासाठी बंद.

आणि हो, नातवंडांना आणायचं काम आम्ही आनंदानं करतो. फक्त त्याला ‘तुम्ही काय, रिकाम्याच असता’ असं म्हणू नये.

शेवटचा_थांबा

वय २४, नोकरी. थोरलीच्या गटातला.

काकूंचं वाचून बरंच समजलं. आता आमची बाजू. लांब जातो ते हौसेनं नाही. कामाच्या जागेजवळ राहणं परवडत नाही, म्हणून घर शेवटच्या थांब्यापाशी. वडिलांच्या वयाची माणसं नोकरीला लागली तेव्हा एका ठिकाणी चिकटायची, मग त्याच्या आसपास घर करायची. मी नोकरी बदलली की माझा रस्ताच बदलतो. अशात घर कशाच्या जवळ घ्यायचं?

दुसरं, स्वतःचं वाहन. घरचे म्हणतात गाडी शिक. मला गरज वाटत नाही. मेट्रो, पुढे चालत किंवा भाड्याची सायकल, रात्र झाली तर ॲपवरून गाडी. प्रवासात मी वाचतो, मेसेजना उत्तरं देतो, कधी डुलकी काढतो. गाडी चालवायची म्हणजे तेवढा वेळ हातचा गेला. हे फक्त माझं नाही. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या मायकेल सिव्हाक आणि ब्रँडन शोएटल यांनी परवान्यांची आकडेवारी तपासली. १६ वर्षांच्या मुलामुलींपैकी १९८३ मध्ये सुमारे ४६ टक्क्यांकडे वाहन परवाना होता, २०१४ मध्ये २४.५ टक्क्यांकडे. गाडीशिवाय पान न हलणाऱ्या देशात हे घडलं.

खरेदीच्या फेऱ्या मात्र मी जवळपास करतच नाही. सगळं घरपोच येतं. पाऊलवाट ताई म्हणतात तसं, ती फेरी कुणाकडे तरी गेली आहे हे मान्य.

मालाची_फेरी

शेवटचा_थांबा, ती फेरी माझ्याकडे आली आहे. मीही २६ चाच.

पार्सल पोचवतो. लोकांना वाटतं आम्ही एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जातो. प्रत्यक्षात दिवसभर चार-पाच किलोमीटरच्या परिघात गरगर फिरत असतो. गेट, लिफ्ट, पाचवा मजला, ओटीपी, खाली, पुन्हा गाडी. दुचाकीवर जितका वेळ जातो त्यापेक्षा जास्त वेळ गेटवरच्या नोंदवहीत आणि जिन्यात जातो. माझी आई याच वयात आठवड्याची खरेदी एका खेपेत करून यायची. आता एकाच घरी सकाळी साबण, दुपारी चार्जर, संध्याकाळी औषध. एकाच मजल्यावर दिवसातून कितीदा तरी जातो. म्हणजे फेरी नुसती माझ्याकडे आली नाही, येताना तिचे तुकडे झाले.

एक जाणवलेली गोष्ट. दुपारी दार उघडणारी माणसं बहुतेक आजी-आजोबा असतात. मागवलेलं नातवाचं, घेणारे ते. काहींना दोन शब्द बोलायचे असतात, आणि माझ्याकडे वेळ नसतो. पूर्वी तेच बोलणं दुकानात उभ्या-उभ्या होत असेल.

काठावरून

चर्चा छान आहे, पण थोडं वेगळं मत मांडतो. वाहतूक व्यवस्था आखायची ती जिथे ताण सर्वाधिक आहे तिथे, म्हणजे सकाळी दोन-तीन तास आणि संध्याकाळी दोन-तीन तास. डबे किती, बस किती, दर किती मिनिटांनी, हे सगळं त्या गर्दीवर ठरतं आणि ठरायलाच हवं. दुपारच्या छोट्या फेऱ्या रिकाम्या असलेल्या जागाच भरतात, त्यासाठी वेगळा खर्च कशाला? ज्येष्ठांना सवलतीचं तिकीट दिलं की झालं. इंग्लंडमध्ये २००८ पासून ज्येष्ठांना सगळीकडच्या स्थानिक बस मोफत आहेत, पण कामाच्या दिवशी ही सवलत सकाळी साडेनऊनंतरच. मला ती व्यवस्था समंजस वाटते. कामावर जाणाऱ्याला जागा मिळते, ज्येष्ठांना रिकामी बस मिळते.

पाऊलवाट

काठावरून, तुमचा मुद्दा समजतो, तरी मला तो पटत नाही.

साडेनऊनंतर मोफत, हे ज्येष्ठ स्वतःच्या कामासाठी बाहेर पडत असतील तर ठीक. शाळा भरते साडेनऊच्या आत. मुलाला सोडायला आजोबा जाणार असतील तर ते ऐन गर्दीत सापडतात आणि सवलतीच्याही बाहेर. रुग्णालयात रक्ततपासणीला उपाशीपोटी सकाळीच जावं लागतं. दुपारी निवांत फिरणारा ज्येष्ठ हे चित्र मनात धरून नियम केला की असं होतं.

आणि गर्दीच्या वेळेचं म्हणाल, तर त्या गर्दीत कोण सरळ जाऊ शकतो? ज्याच्या घरची बाकीची कामं दुसरं कुणी पायी करतंय तो. माझा नवरा सकाळी एका दमात ऑफिसला पोहोचतो, कारण शाळेची फेरी मी करते आणि दुपारची त्याची आई करते. आमच्या फेऱ्या बंद पडल्या तर त्याची सरळ रेघ पहिल्याच दिवशी वाकडी होईल. गर्दीचे प्रवासी मोजताना त्या गर्दीला उभं करणारे प्रवासी मोजायचेच नाहीत, हे मला अन्यायाचं वाटतं.

दोन_थांबे

ताई, अगदी मनातलं लिहिलंत. यावर माद्रिदच्या एका अभ्यासक स्त्रीनं खूप काम केलं आहे: इनेस सांचेझ दे मादारियागा, वास्तुरचना आणि नगररचनेच्या प्राध्यापक. त्यांनी ‘देखभालीचा प्रवास’ ही कल्पना मांडली. प्रवासाच्या पाहण्यांमध्ये उद्देश विचारताना काम, शिक्षण, खरेदी, वैयक्तिक, विरंगुळा, मुलांना सोडणं असे सुटे रकाने असतात. त्यामुळे काम हा एकच मोठा ढीग दिसतो आणि देखभालीच्या फेऱ्या पाच लहान ढिगाऱ्यांत विखुरतात. त्या सगळ्या एका नावाखाली गोळा केल्या की त्यांचा आकार कामाच्या प्रवासाच्या जवळपास जातो.

मी स्वतः अशा एका पाहणीत माहिती गोळा करायला काही काळ गेले आहे. दार वाजवलं की जो समोर येईल तो घरातल्या सगळ्यांच्या वतीनं उत्तरं देतो. ‘आई? ती घरीच असते.’ आई आत भिजलेली छत्री उघडून ठेवत असते, आत्ताच बाहेरून आलेली. ‘मुलगा? शाळेत जातो.’ कोणाबरोबर, ते कुणी विचारत नाही. चालत केलेल्या छोट्या फेऱ्या लोकांच्या लक्षातच राहत नाहीत, कारण त्यांना तो प्रवास वाटत नाही. आणि हल्ली बस-मेट्रोत कार्ड टेकवल्याच्या नोंदींवरून जे अंदाज काढतात त्यात पायी चालणारा मुळातच नसतो.

नकाशावेडा

दोन_थांबे यांनी पाहणीच्या मर्मावर बोट ठेवलं. त्याला जोडून एक मुद्दा, कारण या विषयात गोंधळ होतो तो इथेच.

दोन पिढ्यांत फरक दिसला की तो वयाचा आहे की पिढीचा, हे वेगळं करावं लागतं. सत्तरीत माणूस जवळ फिरतो, हा वयाचा परिणाम. आज जे सत्तरीचे आहेत त्यांच्यातल्या फार थोड्या स्त्रिया वाहन चालवायला शिकल्या, हा पिढीचा परिणाम. पुढच्या वीस वर्षांत सत्तरीत येणाऱ्या बऱ्याच स्त्रियांनी आयुष्यभर वाहन चालवलेलं असेल, त्यांचं म्हातारपण वेगळं असेल. तिसरा परिणाम काळाचा, म्हणजे एकदम सगळ्यांवर होणारा. २०२० च्या साथीत घरून काम सुरू झालं, ते अनेक कचेऱ्यांत अंशतः टिकलं, आणि कितीतरी शहरांत सोमवारची आणि शुक्रवारची गर्दी उतरून आठवड्याच्या मधल्या दिवसांवर आली.

शेवटचा_थांबा, तुमच्याबद्दल खरा प्रश्न हाच. आज तुम्हाला गाडी नको आहे. घरात बाळ आलं, आई-वडील थकले, की हेगरस्ट्रांड यांचं ते दुसरं, जुळवून घेण्याचं बंधन तुमच्याही दिवसाला लागेल. तेव्हाही मेट्रोवर भागेल का? भागलं तर पिढी बदलली म्हणायची. नाही भागलं तर तुम्ही फक्त उशिरा गाडी घेणारे. नुसता एका सालचा तक्ता बघून याचं उत्तर देता येत नाही, तीच माणसं पुढे काय करतात ते वर्षानुवर्षं बघावं लागतं.

डबलबेल

बसवर वाहक म्हणून नोकरी झाली, आता निवृत्त. दुपारची_बस ताईंनी लिहिलेल्या त्या दोन-चार पावलांबद्दल लिहितो.

गाडी आधी हलते, ते चालकाला माणसाची किंमत नाही म्हणून नाही. फेरीचं वेळापत्रक आखताना थांब्यावरचा वेळ गृहीत धरलेला असतो तो तरुण माणूस चढायला लागतो तेवढाच. एका फेरीत चार-सहा ज्येष्ठ चढले-उतरले की गाडी मागे पडते. मागे पडली की पुढच्या थांब्यावर माणसं जास्त साचतात, ती चढायला आणखी वेळ, मागची गाडी येऊन चिकटते आणि दोन्ही एकामागोमाग जातात. मग शेवटच्या टोकाला चहा घ्यायची, पाय सोडायची जी काही मिनिटं असतात ती त्यात जातात, आणि वर जाब द्यावा लागतो. म्हणून हात आपोआप घंटीच्या दोरीकडे जातो.

मी ज्येष्ठ बसेपर्यंत डबल बेल देत नसे. त्यासाठी चालकाशी आधी बोलून ठेवावं लागायचं, आरशात बघत राहावं लागायचं. पण दर फेरीला माणसाच्या चांगुलपणावर हे सोडून चालणार नाही. दुपारच्या फेऱ्यांना वेळच जास्त द्या. सकाळच्या आणि दुपारच्या फेरीला धावण्याचा वेळ सारखाच का? सकाळी रस्ता भरलेला असतो, दुपारी गाडीतली माणसं सावकाश चढणारी असतात. आणि शक्य तिथे खालच्या फरशीची (लो-फ्लोअर) गाडी दुपारी सोडा. तशा गाड्या पुष्कळदा सकाळी गर्दीत धावतात आणि दुपारी आगारात उभ्या राहतात.

निवृत्त_मास्तर

सर्वांचे प्रतिसाद वाचले. गाडी सोडण्याविषयी कुणी लिहिलेलं नाही, म्हणून लिहितो.

मी ७८ वर्षांचा. चारचाकी गेल्या वर्षी सोडली. डोळ्यांची तपासणी झाली, संध्याकाळी समोरून येणाऱ्या दिव्यांनी दिपायला होऊ लागलं, आणि मुलीशी बोलून निर्णय घेतला. निर्णय बरोबर होता. पण त्यानंतर माझ्या ज्या फेऱ्या गेल्या त्या दवाखान्याच्या किंवा बँकेच्या नाहीत, तिथे कुणीतरी नेतं. गेल्या त्या जुन्या मित्राकडच्या, ग्रंथालयातल्या, संध्याकाळच्या व्याख्यानांच्या. ‘मला मित्राकडे सोड’ असं कामावरून दमून आलेल्या मुलीला सांगता येत नाही. पाऊलवाट म्हणतात की फेऱ्या हात बदलतात. गरजेच्या फेऱ्या बदलतात, हे खरं. मनाच्या फेऱ्यांना दुसरे हात मिळत नाहीत.

जपानमध्ये १९९८ पासून ज्येष्ठांना वाहन परवाना स्वेच्छेनं परत करता येतो. २०१९ मध्ये एका वर्षात सहा लाखांवर लोकांनी तो परत केला. परत करणाऱ्याला त्याऐवजी एक प्रमाणपत्र घेता येतं. ते ओळखपत्र म्हणून चालतं आणि अनेक ठिकाणी ते दाखवून बस-टॅक्सीत सवलत मिळते. मला यातली दिशा आवडते. परवाना काढून घेताना त्याच्या बदल्यात प्रवासाचं काहीतरी हातात ठेवलं पाहिजे.

काठावरून

मास्तर, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ विचार केला. गर्दीच्या वेळेला प्राधान्य हे माझं मत अजूनही कायम आहे, कारण तिथे क्षमता कमी पडली तर लाखो लोक अडकतात. पण डबलबेल यांनी सांगितलेल्या गोष्टींना, दुपारी धावण्याचा वेळ वाढवणं आणि योग्य गाडी योग्य वेळी सोडणं, नवीन गाड्या लागत नाहीत. त्याला माझा पाठिंबा.

दुपारची_बस

मास्तर, संध्याकाळच्या व्याख्यानांचं माझंही तसंच झालं. जाता येतं, परत येता येत नाही.

सिग्नलबद्दल लिहायचं राहिलं होतं. चौकात हिरवा माणूस लागतो, मी रस्त्याच्या मध्याशी पोहोचते आणि तो लुकलुकायला लागतो. मग मधल्या दुभाजकावर उभं राहायचं, दोन्ही बाजूंनी गाड्या. नातीबरोबर असले की ती हात धरून ओढते, तेव्हा निभावतं. एकटीनं तो चौक मी ओलांडत नाही.

नकाशावेडा

दुपारची_बस काकू, यामागे साधं गणित आहे. पादचाऱ्याचा वेळ पुष्कळ ठिकाणी सेकंदाला १.२ मीटर या वेगावर काढतात. इंग्लंडमध्ये ६५ वर्षांवरच्या लोकांचा चालण्याचा वेग मोजला तेव्हा सरासरी पुरुषांची ०.९ आणि स्त्रियांची ०.८ मीटर निघाली. आता १८ मीटर रुंद रस्ता घ्या. १.२ नं भागलं तर १५ सेकंद. ०.८ नं भागलं तर साडेबावीस. तो साडेसात सेकंदांचा फरक म्हणजे तुमचं दुभाजकावर उभं राहणं.

अमेरिकेनं २००९ च्या राष्ट्रीय नियमावलीत हा वेग सेकंदाला चार फुटांवरून साडेतीन फुटांवर आणला. सिंगापूरनं त्याच वर्षी वेगळा मार्ग धरला. ज्येष्ठांनी आणि अपंगांनी खांबावरच्या यंत्राला कार्ड टेकवायचं, रस्त्याच्या रुंदीप्रमाणे ३ ते १३ सेकंद जास्त मिळतात. वाहनांचा वेळ दरवेळी खर्च होत नाही, गरज असेल तेव्हाच होतो.

दोन_थांबे

मुलांकडे परत येऊ का? शेफील्डमधल्या एका कुटुंबाच्या चार पिढ्यांची माहिती २००७ मध्ये प्रसिद्ध झाली होती. पणजोबा आठ वर्षांचे असताना एकटे सहा मैल चालत मासे धरायला जात. आजोबा त्याच वयात मैलभर अंतरावरच्या रानात. आई अर्ध्या मैलावरच्या पोहण्याच्या तलावापर्यंत. आणि मुलगा फक्त गल्लीच्या टोकापर्यंत, तीनशे यार्ड.

यात आई-वडिलांना भित्रं म्हणून दोष देणं मला पटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीत ५ ते २९ या वयोगटातल्या मृत्यूंचं पहिलं कारण रस्ते अपघात आहे. भीतीला जागा आहे. पण जपानमधल्या कितीतरी शहरांत पहिलीतली मुलंसुद्धा शेजारच्या मोठ्या मुलांसोबत गटानं, ठरवून दिलेल्या रस्त्यानं चालत शाळेत जातात. ऑस्ट्रेलियाच्या डेव्हिड एंगविक्ट यांनी १९९० च्या दशकात ‘चालती बस’ सुचवली: एक-दोन पालक पुढे-मागे, मुलं ठरल्या थांब्यांवर सामील होतात, आणि पालकांच्या पाळ्या लावलेल्या. आठ घरांच्या आठ वेगवेगळ्या फेऱ्यांच्या जागी एक फेरी. ताई, तुमच्या धाकट्याची शाळा चालत जाण्यासारखी आहे म्हणालात. तिथे जमेल का?

पाऊलवाट

जमेल असं वाटतं. आमच्या आणि शेजारच्या इमारतीतून त्याच शाळेत जाणारी बरीच मुलं आहेत, सगळ्यांचे पालक एकाच वेळी एकाच फाटकापाशी गर्दी करून उभे असतात. दोघी-तिघींशी आज बोलले. अडचण एकच, शाळेसमोरचा रस्ता ओलांडणं. तिथे पाळीवर असणारा माणूस सासूबाईंच्या वयाचा नको, यावर सगळ्यांचं एकमत झालं. सासूबाईंनी मुलांना अलीकडच्या कोपऱ्यापर्यंत आणायचं मान्य केलंय.

शेवटचा_थांबा

ताई, कागदाचा नमुना इथे टाकाल का? मला आमच्या घरी करून बघायचाय. नकाशावेडा यांच्या प्रश्नाचं उत्तर मला आत्ता देता येत नाही, पण दरवर्षी तोच तक्ता भरत गेलो तर निदान माझ्यापुरतं कळेल.

निवृत्त_मास्तर

नमुना टाकणार असाल तर एक सुचवतो. जी फेरी करायची होती पण झाली नाही, तिच्यासाठीही एक रकाना ठेवा, आणि त्यापुढे कारण लिहायला जागा. माझ्यासारख्याचा बाकीचा कागद कोराच राहील, भरेल तो हाच रकाना.

पाऊलवाट

मास्तर, हा रकाना घेतला. आता नमुना असा: कोण, वय, कधी निघालो, कुठे, कशानं, सोबत कोण, कोणासाठी, मधे कुठे थांबलो. त्याखाली वेगळी चौकट, ‘जायचं होतं, गेलो नाही’, आणि कारण. दोन सूचना. प्रत्येकानं स्वतःच्या हातानं भरायचा, दुसऱ्याच्या वतीनं नाही, लहान मुलांनीसुद्धा. आणि गल्लीच्या टोकापर्यंत गेलात तरी लिहायचं. शेवटचा_थांबा, सुरुवात तुमच्या घरापासून करा. भरलेला कागद इथेच टाकलात तर बाकीच्यांनाही ताडून बघता येईल.